बाळंतिणीच्या घरभेटींवर सरकारने किती आणि कसा खर्च करावा?

गोदाकाठ

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या घरात जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे.

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली होती. तालुक्याच्या ठिकाणी बाळंतपण सुखरूप झाले, तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि सगळे घर बाळाच्या कौतुकात रमले. सातव्या दिवशी आशाताई, म्हणजे आमच्या गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, बाळाचे वजन करायला आल्या. काटा पिशवीतून काढण्याआधीच त्यांचे लक्ष बाळंतिणीकडे गेले आणि त्यांनी विचारले, "हिचे तोंड कधीपासून असे सुजले आहे?" आम्हाला वाटत होते की तुपाने आणि डिंकाच्या लाडवांनी अंग भरले आहे. डोके ठणकते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, हे तिने आदल्या रात्री आईला सांगितलेही होते, पण जागरणाने होत असेल असे म्हणून ते आम्ही सोडून दिले होते. आशाताईंनी तिथूनच सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावला. रुग्णालयात रक्तदाब १७०/११० निघाला. उशीर झाला असता तर झटके येऊ शकले असते, असे डॉक्टरांनी सांगितले. आता मायलेकी दोघी बऱ्या आहेत.

नंतर साडीचोळी द्यायला मी आशाताईंच्या घरी गेले, तेव्हा सहज बोलता बोलता कळले की रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात आणि त्या सहाही भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात. म्हणजे ज्या भेटीने माझ्या भाचीचा जीव वाचला, तिची किंमत ४२ रुपयेसुद्धा भरत नाही.

माझा प्रश्न असा आहे की गरोदर आणि बाळंत बाईच्या घरी प्रशिक्षित बाई पोहोचणे, हे सरकारने दवाखान्याच्या इमारतीइतकेच आवश्यक काम मानून त्यासाठी कायमचा पैसा ठेवावा का? आणि ठेवावा, तर तो भेटीमागे द्यावा की पगार म्हणून? आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

रानजाई

भाची सुखरूप आहे हे वाचून फार बरे वाटले. त्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा.

हिशेबनीस

गोदाकाठ ताई, तुमच्या भाचीचा प्रसंग वाचून मीही हेलावलो, पण एका प्रसंगावरून सार्वजनिक पैशाचे धोरण ठरवू नये असे मला वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात आपल्या राज्यातला मातामृत्यूचा दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७ आणि आसामचा १९५. इथवर आपण पोहोचलो याला बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले हे मोठे कारण आहे. त्याच काळात केरळचा दर १९ होता आणि तिथे पोहोचायचे, तर अडचण पुढच्या पायरीवरची आहे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची पिशवी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असायला हव्यात. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की हातात फार थोडा वेळ असतो. त्या वेळी घरी येऊन फॉर्म भरणारी बाई काय करणार? पैसा मर्यादित असेल, तर तो आधी रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृहाला द्यावा, असे माझे मत आहे.

सोनचाफा

मी उपकेंद्रावर परिचारिका म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम करून निवृत्त झाले आहे. हिशेबनीस काका, रक्त आणि भूलतज्ज्ञ यांबद्दल तुम्ही लिहिले ते अगदी खरे आहे, आणि त्यांच्या अभावी झालेले मृत्यू मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तरीही घरभेटीबद्दलची तुमची समजूत अर्धवट आहे, असे आदराने सांगते.

आमच्या प्रशिक्षणात तीन विलंब शिकवत असत. बाईला धोका आहे हे घरच्यांनी ओळखून निघायचे ठरवण्यात होणारा पहिला, वाहन मिळून दवाखान्यात पोहोचण्यात होणारा दुसरा आणि दवाखान्यात उपचार सुरू होण्यात होणारा तिसरा. तुमचे रक्त आणि डॉक्टर तिसऱ्या विलंबावरचा उपाय आहेत. पहिला विलंब स्वयंपाकघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत होतो, आणि तिथे दवाखाना पोहोचू शकत नाही. गोदाकाठ ताईंकडे दवाखाना होता, गाडी होती, शिकलेले घर होते, तरीही सुजलेले तोंड कोणाला दिसले नाही. त्यात घरच्यांचा दोष नाही. बाळंतपण पार पडले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे वळतात आणि आईकडे पाहायचे राहून जाते.

साध्या बाळंतपणानंतर ४८ तास दवाखान्यात राहावे असा नियम आहे. खाटा भरलेल्या असतात, घरी दुसरे मूल वाट पाहत असते, शेतीची कामे खोळंबलेली असतात, म्हणून बऱ्याच जणी त्याआधीच निघतात. मग जंतुसंसर्गाचा ताप, उशिरा सुरू होणारा रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, पोटरीतली रक्ताची गाठ हे सारे घरी गेल्यावर उद्भवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत बाळंतपणानंतर किमान चार वेळा तपासणी व्हावी आणि पहिल्या आठवड्यात घरी भेट द्यावी असे सांगितले आहे, ते उगाच नाही.

आता जी गोष्ट मला वर्षानुवर्षे खुपते आहे, ती लिहिते. आशाताईंच्या फॉर्ममध्ये आईसाठी काही प्रश्न आहेत. दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, रक्तस्रावासाठी कापडाच्या किती घड्या बदलल्या, ताप आहे का, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जातो का, असंबद्ध बोलते का, झटके आले का, दूध येते का, बोंडांना चिरा पडल्या आहेत का. प्रश्न चांगले आहेत. पण या भेटींसाठी ठरलेल्या मूळ संचात बाळाचा वजनकाटा आहे, तापमापक आहे, घड्याळ आहे, बाळाचे पांघरूण आणि चमचा आहे, आणि आईचा रक्तदाब मोजण्याचे यंत्र मात्र त्यात नाही. ही योजना बाळाला वाचवण्यासाठी आखली गेली आणि तिने ते काम केले. आईसाठी ती अर्धीच आखलेली आहे. गोदाकाठ ताईंच्या आशाताईंनी नुसत्या नजरेने ओळखले, हा त्यांचा अनुभव. नव्या मुलीला ते कसे ओळखू यावे?

दंडकारण्य

सोनचाफा ताईंनी बाळासाठी आखलेली योजना म्हटले, त्याचा इतिहास आमच्या जिल्ह्यातला आहे, म्हणून थोडे लिहितो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. सेवा दिलेल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि तो निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंना याच धर्तीवर घरभेटींचे काम मिळाले.

त्याच गावांतल्या ७७२ बायकांच्या गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंतच्या नोंदी घरी जाऊन घेतल्या गेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायकांना बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाला आणि बाळंतपणातल्या त्रासापेक्षा नंतरच्या सुतिकाकाळातला त्रास कितीतरी जास्त जणींना झाला. दवाखान्यात बसून हे कधीच कळले नसते, कारण त्यांतल्या बहुतेक जणी दवाखान्यात येतच नव्हत्या. घरी गेल्याशिवाय आजार मोजलाही जात नाही, ही गोष्ट या चर्चेत विसरू नये असे वाटते.

हिशेबनीस

दंडकारण्य, तो प्रयोग मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. पण तिथे निवडक गावे होती, सतत देखरेख होती, शिकवणारी माणसे ध्यास घेतलेली होती. सरकारी योजना सत्तर हजार बायकांकडून चालवायची असते. तिथे भेटी कागदावर होऊन जातात, असा माझा अनुभव आहे. आमच्याच नात्यातल्या एका बाळंतिणीकडे सहापैकी दोनच भेटी झाल्या होत्या आणि पुस्तकात सहाही भरलेल्या होत्या.

आशाताईंची लेक

हिशेबनीस काका, माझी आई गेली सोळा वर्षे आशा आहे. तुमच्या नातलगांच्या बाबतीत जे झाले ते चुकीचेच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण असे का होते, ते आमच्या घरात मी लहानपणापासून पाहिले आहे.

आईकडे एक गाव आणि तीन वस्त्या आहेत. शेवटची वस्ती पाच किलोमीटरवर आहे आणि तिथे एसटी जात नाही. पावसाळ्यात ओढा भरला की वळसा घालून जावे लागते. या भेटींसाठी प्रवासखर्च वेगळा मिळत नाही. २०११ च्या मूळ सूचनांप्रमाणे ते २५० रुपये मिळण्यासाठी बाळाचे वजन नोंदलेले असावे लागते, लसी दिलेल्या असाव्या लागतात, जन्माची नोंद झालेली असावी लागते आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघेही सुखरूप असावे लागतात. शेवटची अट पुन्हा वाचा. ज्या घरी सर्वांत वाईट घडले, जिथे तिने सर्वांत जास्त धावपळ केली, दवाखान्यात रात्र काढली, त्या घराचे पैसे मिळण्याचा हक्क त्या अटीने राहत नाही. आणि एक भेट हुकली की सगळ्यावर पाणी पडेल, म्हणून कोणाकोणाचा हात चौकट भरायला जातो.

यावर जास्त तपासणी हा उपाय आहे असे लोक म्हणतात. माझे म्हणणे आहे की आधी पगार द्या आणि मग तपासणी करा. पोटाला चिमटा बसलेला असताना फॉर्मवर प्रत्येक कामाचा वेगळा भाव लावला, की माणूस बाईकडे पाहण्याऐवजी फॉर्मकडे पाहू लागतो. आपल्या राज्यातल्या आशांनी २०२१ च्या जूनमध्ये संप केला, २०२३ च्या दिवाळीच्या आसपास पुन्हा केला, २०२४ च्या सुरुवातीला थंडीत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा मार्चमध्ये महिना ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. आई त्या मैदानावर होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, त्या बातमीचे कात्रण आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेले आहे. तरीही कागदोपत्री ती स्वयंसेविकाच आहे, कर्मचारी नाही.

रानजाई

ती शेवटची अट वाचून मला काही वेळ पुढे वाचवले नाही.

शाल्मली

मी थोडे वेगळे मत मांडते. माझे बाळ आठ महिन्यांचे आहे आणि माझ्याकडे घरभेटी झाल्या. आशाताई स्वभावाने फार चांगल्या होत्या, पण प्रत्येक भेटीत सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या काकू खोलीत बसलेल्या असत. टाक्यांमधून पू येत होता, हे मला सर्वांसमोर सांगता आले नाही. मला विनाकारण रडू येत होते, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नव्हते, हे तर कोणालाच सांगता आले नाही. "आई कशी आहे?" या प्रश्नाला उत्तर सासूबाई देत आणि फॉर्मवर 'ठीक' लिहिले जाई. सहाव्या आठवड्यात माझ्या बहिणीने मला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा कळले की याला नाव आहे आणि उपचारही आहे.

म्हणून मला वाटते की भेटींची संख्या आणि पैसा वाढवण्याआधी भेट कोणाची आहे, हे ठरवावे. सरकारी माणूस घरात येऊन पाहणी करून जातो, अशी भावना झाली तर बाई आणखी मिटून जाते. पाच मिनिटे तरी तिच्याशी एकटीने बोलता आले पाहिजे आणि तिला भेट नको असेल, तर नको म्हणण्याचाही हक्क तिला असावा.

सोनचाफा

शाल्मली, किती मोकळेपणाने लिहिलेस बाळ. आम्ही एक युक्ती करत असू. "टाके बघायचे आहेत, जरा दार लोटून घेते," असे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे आपसूक बाहेर जात. टाके बघायला दोन मिनिटे लागतात आणि उरलेला वेळ तिच्या बोलण्यासाठी मोकळा होतो. हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही, पण प्रशिक्षणात सांगायला हवे. मात्र गावात आशाताई कोणाची तरी सून, कोणाची तरी भावजय असते, त्यामुळे बाई तिच्यापाशीही सगळे बोलत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून निदान एक भेट आशा आणि परिचारिका अशी जोडीने व्हावी, असे मला वाटते.

रॉटरडॅमवासी

इथल्या पद्धतीबद्दल सांगते, कारण शाल्मलीने उपस्थित केलेल्या मुद्द्याशी ती जोडलेली आहे. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर 'क्रामझोर्ख' नावाची सेवा मिळते. प्रशिक्षित मदतनीस साधारण आठ दिवस रोज काही तास घरी येते, एकूण किमान २४ तास. हा खर्च सक्तीच्या मूळ आरोग्यविम्यात येतो आणि आपल्याला तासामागे थोडी रक्कम भरावी लागते. ती बाळंतिणीचा ताप, नाडी, गर्भाशयाचे आकुंचन आणि टाके पाहते, नोंदवहीत लिहिते आणि काही वावगे दिसले तर सुईणीला, म्हणजे इथल्या शिकलेल्या परवानाधारक सुईणीला, कळवते. शिवाय आंघोळ कशी घालायची, दूध कसे पाजायचे ते शिकवते आणि आईला झोपायला लावते.

माझी आई भारतातून येऊ शकली नव्हती. त्या आठ दिवसांत मला माहेर मिळाले, असेच मी म्हणेन. आपल्याकडे शेक-शेगडी, मालीश, बाळंतकाढा, सव्वा महिन्याची विश्रांती हे सगळे याच भावनेतून आले आहे. फक्त ते कोणाला माहेर किती बळकट लाभले त्यावर अवलंबून असते. जिचे माहेर गरीब किंवा तुटलेले, तिला तेवढे मिळत नाही. सरकारी पैशाने ती उणीव भरून काढता येते, हे मी इथे अनुभवले.

निळाई

अमेरिकेतला अनुभव थोडा सावध करणारा आहे, म्हणून तोही लिहिते. मी इथे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. परिचारिकांनी गरीब, पहिलटकरणींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जाण्याची पद्धत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिरा या गावी सुरू केली. तिचे चांगले परिणाम दिसल्यावर २०१० च्या आरोग्य कायद्यात घरभेटींसाठी केंद्राचा स्वतंत्र निधी आला. तो बरीच वर्षे ४० कोटी डॉलरच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८० कोटींवर नेण्याचे ठरले.

पण २०२२ मध्येच साउथ कॅरोलायना राज्यातल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात या भेटींमुळे कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची बाळे जन्मण्यासारख्या गोष्टींत म्हणावा असा फरक दिसला नाही. माझ्या मते यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की घरभेटीकडून काय अपेक्षा करायची, ते आधी ठरवावे. बाळाचे वजन हे आईच्या आधीच्या आयुष्यभराच्या पोषणाशी जोडलेले असते आणि काही भेटींनी ते बदलत नाही. दुसरीकडे, इथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१७-१९ च्या माहितीनुसार गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर सात दिवस ते एक वर्ष या काळात झाले. त्या काळात बाई दवाखान्यात नसते. घरभेटीची खरी जागा तिथे आहे. हिशेबनीस यांनी मोजमापाचा आग्रह धरला तो मला योग्यच वाटतो, फक्त काय मोजायचे ते नीट निवडावे.

माजलगावचा मास्तर

या सर्व चर्चेत आमच्या भागातल्या बाया कुठे बसतात, हे विचारावेसे वाटते. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला निघून जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. गरोदर बाई कोयत्यावर जाते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. तिची नोंदणी इथल्या आशाताईकडे असते. बाळंतपण पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळच्या पालावर होते. इथल्या आशाताईला ती भेटत नाही आणि तिथल्या आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते. सहा भेटींतली एकही भेट तिच्या वाट्याला येत नाही, आणि बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत मोळी डोक्यावर घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

घरभेटीचा पैसा गावच्या आशाताईच्या यादीला बांधलेला आहे. तो बाईला बांधला पाहिजे. ती जिथे असेल तिथली आशाताई तिच्याकडे जाईल आणि तिला त्याचे पैसे मिळतील, अशी सोय हवी. हंगामापुरती कारखान्याच्या परिसरात वेगळी आशा नेमली, तरी पुष्कळ काम होईल.

गोदाकाठ

मास्तर, तुम्ही लिहिल्यावर लक्षात आले की माझ्या भाचीचीही तीच गत होती. तिची नोंद सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात. इथल्या आशाताईंनी तिचे नाव स्वतःहून वहीत घेतले होते. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, म्हणजे नेमक्या पहिलटकरणी यादीतून निसटतात. रक्तदाबाचा धोका पहिलटकरणींना जास्त असतो, असेही डॉक्टरांनी सांगितले होते.

चाळकरी

शहरातली गोष्ट आणखी वेगळी आहे. आमच्या चाळीत महापालिकेच्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षे येतात आणि त्यांना सर्व घरे नावानिशी ठाऊक आहेत. शेजारी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात मात्र पहारेकरी त्यांना वर सोडत नाही. तिथल्या बाळंतिणींना वाटते की खासगी डॉक्टर आहेत, आपल्याला याची काय गरज? पण खासगी डॉक्टर घरी येत नाहीत आणि बाळंतिणीला सहा आठवड्यांनीच बोलावतात. माझ्या बायकोला दहाव्या दिवशी १०२ ताप होता आणि आम्ही दोघे 'दूध भरल्यामुळे असेल' असे संगणकावर वाचत बसलो होतो. ती भेट गरिबांसाठीची मदत म्हणून न ठेवता सर्वांसाठी ठेवली, तर तिचा दर्जाही टिकेल असे मला वाटते.

हिशेबनीस

दोन दिवस सर्व प्रतिसाद नीट वाचले. माझे मत काही अंशी बदलले आहे, ते प्रांजळपणे लिहितो.

समजा, राज्यात वर्षाला वीस लाख बाळंतपणे धरली आणि प्रत्येकीकडे सहा भेटी, प्रत्येक भेटीमागे प्रवासासह २०० रुपये धरले, तर वर्षाला २४० कोटी रुपये होतात. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांना प्रत्येकी दोन हजार रुपयांचे रक्तदाब यंत्र द्यायचे, तर एकदाच १४ कोटी लागतील. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम इतकी लहान आहे की रक्तपेढी की घरभेट, असा पर्याय समोर ठेवणेच माझ्याकडून चुकले. रक्तपेढीचा आग्रह मी सोडलेला नाही. आशाताईंनी १०२ ला फोन केला आणि गाडी आली, पुढे औषध देणारा डॉक्टर होता, म्हणून ती मुलगी वाचली. साखळीतली एकही कडी गळून चालणार नाही.

आशाताईंच्या लेकीने लिहिलेल्या अटीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. आयुष्यभर हिशेब तपासले, पण माणूस मेल्यावर मजुरी कापणारा नियम मी कुठल्या खात्यात पाहिला नव्हता. पगार ठरावीक असावा आणि मोजायचे असेल तर किती आयांचा रक्तदाब मोजला, किती जणींना वेळेत पुढे पाठवले आणि पाठवलेल्यांपैकी किती जणींवर उपचार झाले, हे मोजावे.

आशाताईंची लेक

काका, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांना सांग, रक्तदाबाचं यंत्र कोणी दिलं तर मी उद्यापासून लावीन, पगाराची वाट बघणार नाही."

दंडकारण्य

यंत्रासाठी राज्याच्या निर्णयाची वाट पाहावी लागेलच असे नाही. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी मिळू शकतो. आशाताई त्या समितीवर असतेच. हा निधी पुष्कळदा रंगरंगोटीत आणि फलकांत जातो. एक यंत्र त्यातून नक्की बसते.

सोनचाफा

घेताना दंडाला बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे घेऊ नका. बाई चालून आली असेल, तर पाच मिनिटे पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर टेकलेले असू द्या आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला तर पुन्हा मोजून त्याच दिवशी परिचारिकेला कळवा. १६० किंवा ११० दिसले तर दुसरा विचार न करता गाडी बोलवा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली दुखणे असेल, तर आकडा कमी दिसला तरी पाठवा. आशाताईंना शिकवायला मी कुठल्याही गावी यायला तयार आहे, फक्त जाण्यायेण्याचे कळवा.

शाल्मली

सोनचाफा ताई, दार लोटून घेण्याची युक्तीही त्या शिकवणीत सांगाल ना?

सोनचाफा

तीच आधी सांगेन.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडण्यासाठी अर्जाचा मसुदा मी करायला घेतला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: समितीच्या निधीतून रक्तदाब यंत्र, माहेरी आलेल्या आणि ऊसतोडीवरून परतलेल्या प्रत्येक बाळंतिणीचे नाव आशाताईंच्या वहीत घेण्याचा ठराव, आणि ४२ व्या दिवसाची ती अट काढून आशांना ठरावीक वेतन द्यावे अशी जिल्हा परिषदेमार्फत शासनाला शिफारस. हिशेबनीस काका, तुम्ही मांडलेले आकडे मी त्यात वापरू का? आणि ठराव कोणत्या शब्दांत लिहिला म्हणजे तो बाजूला पडत नाही, हे तुमच्याइतके मला ठाऊक नाही, तेव्हा तो भाग तुम्ही तपासून द्यावा.

हिशेबनीस

अवश्य वापरा. मसुदा पाठवा, रविवारपर्यंत दुरुस्त करून देतो. 'विचार व्हावा' असे कुठेही लिहू नका. रक्कम, खरेदीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहा.